ढगाच्या दारावरच्या वन्सं

जगातल्या सगळ्या नणंदा भावजयीची परीक्षा घेतात. आमच्या वन्संना त्याबद्दल दरमहा पगार मिळतो, दिवाळीला बोनस मिळतो आणि आरोग्यविमाही मिळतो, एवढाच काय तो फरक. 'वन्सं' हा शब्द आता कुणी वापरत नाही, आणि तो तोंडावर वापरायची माझीही कधी छाती झाली नाही. समोर मी त्यांना 'ताई' म्हणते. पण मनातल्या मनात त्या पहिल्या दिवसापासून वन्संच आहेत, कारण त्या जुन्या शब्दात जी एक करडी नजर आहे ती 'ताई'त नाही. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. लग्न केलेलं नाही. बघायला मुलं येऊन गेली, नाही असं नाही; पण वन्सं त्यांना एकेक करून प्रश्न विचारत आणि प्रत्येक उत्तराबरोबर एकेक जण गळत जाई. एक जण म्हणे अगदी शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचला होता. तिथे त्याने वन्संनाच उलटा प्रश्न विचारला, आणि वन्संनी त्याला, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, कायमचं लॉक केलं.

वन्सं नेमकं काय करतात हे माझं लग्न ठरलं तेव्हा मला कुणालाच धड सांगता आलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "ती ढगावर दरवान आहे." नवरा म्हणाला, "आयटीत आहे," म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं. शेवटी वन्संनीच एकदा पापड भाजता भाजता मला समजावलं. पुष्कळ कंपन्यांना, शाळांना, दवाखान्यांना आपल्या ॲपच्या दारावर कुणीतरी उभं करायचं असतं. आत येणारा माणूस तोच आहे ना, हे बघायला. प्रत्येकाने आपापला दरवान ठेवण्यापेक्षा ते हे काम एका कंपनीकडे सोपवतात, आणि ती कंपनी क्लाउडवरून सगळ्यांची दारं सांभाळते. आपण नाव टाकतो, पासवर्ड टाकतो आणि आपल्याला वाटतं, झालं. "तिथे तर सुरुवात होते," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की हातातला पापड जळला तरी त्यांना कळलं नाही. पासवर्ड बरोबर आला म्हणून दार उघडायचं नसतं, पुढचा प्रश्न टाकायचा असतो. मोबाइलवर आकडे पाठवायचे आणि ते विचारायचे. तेही बरोबर आले पण फोन अनोळखी वाटला, की आणखी एक प्रश्न. या प्रश्नांना त्यांच्या धंद्यात चॅलेंज म्हणतात. एक पायरी चढली की माणसाला एक अदृश्य चिठ्ठी मिळते, पुढच्या पायरीवर ती दाखवायची. चिठ्ठीचं आयुष्य थोडं. रेंगाळलात की चिठ्ठी मेली, आणि ती मेली की पुन्हा सगळ्यात खालच्या पायरीपासून. कुणाला कुठल्या पायरीवर काय विचारायचं आणि चुकला तर त्याला कुठवर खाली ढकलायचं, हे ठरवणं म्हणजे वन्संची नोकरी. त्यासाठी त्यांनी इंजिनिअरिंग केलं होतं. माझ्या मते नुसतं नणंद होणं पुरेसं होतं.

याचा प्रसाद मला माप ओलांडतानाच मिळाला. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दारात वन्सं दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या. नणंदेने दार अडवायचं आणि नवरीने उखाणा घ्यायचा ही रीतच आहे, त्यामुळे मी तयारीत होते. मोगरा, चांदीचं ताट, सासरचा मान असं सगळं व्यवस्थित बसवलेला एक उखाणा इंटरनेटवरून पाठ करून आले होते. तो घेतला. टाळ्या पडल्या. वन्सं जागच्या हलल्या नाहीत. "हा फुटलेला आहे," त्या म्हणाल्या. मला वाटलं माझा सूर फुटला. "हा उखाणा गावभर फुटलेला आहे. हजार बायकांनी वापरलाय. याच्यावर तू तूच आहेस हे कसं ठरणार? दुसरा." वऱ्हाड जिन्यावर ताटकळलेलं, शालूला सेफ्टी पिना टोचत होत्या, सकाळपासून पोटात नुसता पेढा. रागाच्या भरात जे सुचलं ते मी नवऱ्याच्या नावासकट म्हणून टाकलं: उंबऱ्यावर माप, नणंद उभी दाराला, अमक्यारावांचं नाव घेते, पाणी तरी द्या वऱ्हाडाला. वन्सं प्रसन्न झाल्या. "हा नवा आहे," असं म्हणून त्यांनी एक हात काढला. एकच. मग भावाकडे वळून विचारलं, "हिच्या उजव्या कोपरावर कसला व्रण आहे?" नवरा माझ्याकडे बघू लागला, मी त्याच्याकडे. एवढ्यात आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, त्या परातीतलं कुंकवाचं पाणी सुकलं!" ते पुन्हा कालवावं लागलं आणि सगळी मिरवणूक पुन्हा उंबऱ्याबाहेरून सुरू झाली. वन्संना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मुदत संपली की पहिल्यापासून, हा त्यांच्या दृष्टीने निसर्गनियमच होता.

त्यांच्या धंद्याचा आणखी एक नियम आहे. माणूस चुकला तर कुठे चुकला ते त्याला सांगायचं नाही. पासवर्ड चुकला म्हणून सांगितलं तर चोराला कळतं की नाव बरोबर होतं. म्हणून मोघम बोलायचं: नाव किंवा पासवर्ड चुकला आहे. हा नियम वन्सं जेवणाच्या टेबलावरही पाळत. मी नवी नवी सून, चार घास झाले की आशेने त्यांच्या तोंडाकडे बघायची. त्या शांतपणे म्हणायच्या, "आमटीत किंवा भातात काहीतरी चुकलंय." काय चुकलंय म्हणून विचारलं तर फक्त मान हलवायच्या. महिनाभर मी मीठ, चिंच, गूळ, पाणी, कुकरच्या शिट्ट्या असं सगळं बदलून पाहिलं. अखेर कळलं की चूक आमटीत नव्हती आणि भातातही नव्हती, त्यांना कोशिंबीर आवडली नव्हती. फोनवरही तेच. कुणी माझ्यासाठी फोन केला तर वन्सं सांगायच्या, "त्या नावाची व्यक्ती इथे असू शकेल किंवा नसूही शकेल." माझ्या आईने दोनदा ऐकून घेतलं आणि तिसऱ्यांदा मला विचारलं, "बाळा, तुला त्या घरात ठेवलंय ना नक्की?"

इस्त्रीवाल्या भय्याचं तर विचारूच नका. तो वर्षानुवर्षं घरी येणारा माणूस, वन्संच्या भाषेत 'लक्षात ठेवलेला'. अशांना पहिल्या पायरीवरच आत सोडायची सवलत असते. एकदा तो मिशी काढून आला. झालं, सवलत रद्द. वन्सं दारातच म्हणाल्या, "कौन?" तो म्हणाला, "दीदी, मैं! इस्त्री!" वन्सं म्हणाल्या, "हमारे घर का कौनसा शर्ट पीछे से जला हुआ है?" तो बिचारा चटकन बोलून गेला, "वो नीलावाला, लेकिन वो मैंने नहीं जलाया." त्याला कपडे मिळाले, आणि तो शर्ट कुणी जाळला याचा गेली दोन वर्षं चाललेला वादही मिटला. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात आम्ही सोफा घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या सिंधी शेठने सवयीने म्हटलं, "असली सागवान है दीदी, आँख बंद करके ले जाओ." आमच्या वन्संना आँख बंद करायला सांगणारा हा पहिलाच मनुष्य. त्यांनी खुर्ची ओढून घेतली. लाकूड कुठून येतं, कोण आणतं, त्याला तुम्ही कधीपासून ओळखता, ओळखता म्हणजे कसं ओळखता, असं एकामागून एक सुरू झालं. आधीच्या उत्तराला पुढचा प्रश्न लटकलेला. शेठचा चहा आला, गार झाला, दुसरा आला. शेवटी शेठ स्वतःच सोफ्याखाली आडवा झाला, नखाने खरवडून पाहिलं आणि कपाळाला हात लावून बाहेर आला. "साईं, यह तो प्लाय है," तो म्हणाला, "मुझे भी आज पता चला." निघताना त्याने वन्संना दुकानात नोकरी देऊ केली.

मला सुरुवातीला वाटायचं, एवढ्या संशयामागे काहीतरी जुनं दुःख असणार. कुणीतरी फसवलं असेल, कुणी विश्वास मोडला असेल. मी आडून आडून चौकशी केली. सासूबाईंनी बराच वेळ आठवून पाहिलं आणि म्हणाल्या, "छे गं. बारशाला आत्याने कानात नाव सांगितलं तेव्हासुद्धा ही अशीच बघत होती." तेव्हा तोही दिलासा गेला. काही माणसं गाणारी जन्माला येतात, आमच्या वन्सं विचारणाऱ्या जन्माला आल्या. आणि अशा माणसाबरोबर एका घरात राहिलं की दोनच गोष्टी होतात, एक तर माणूस वेडा होतो किंवा त्याला सवय होते. माझं नेमकं काय झालं हे मी सांगणार नाही. दोन्हींपैकी काहीतरी झालं.

तर मी सांगत होते ते थंडीतल्या पोपटीचं. सासूबाईंचं माहेर बदलापूरच्या पुढे, बारवीच्या बाजूच्या एका गावात. तिथे त्यांचा भाचा शेती करतो, आणि वालाच्या शेंगा भरल्या की आम्हाला पोपटीला बोलावतो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी भरून ते शेतात उपडं घालायचं आणि वर जाळ करायचा. आम्ही चौघं नवऱ्याच्या गाडीने दुपारीच पोचलो. माहेरच्या हवेत सासूबाई इतक्या खुलल्या की भाच्याला "जाळ कमी आहे," "पाला उलटा घातलास," असं सांगत त्या बांधावरून बांधावर हिंडत होत्या. मडकं फुटलं, वाफ आली, शेंगा झाल्या. खाऊन झाल्यावर सासूबाई एका दगडावर बसल्या आणि छातीवरून हात फिरवू लागल्या.

"वात धरला," त्या म्हणाल्या. "वाल बाधले."

भाचा म्हणाला, "आत्याबाय, वव्याचा चिमूट खा, जाईल." त्याची बायको ओवा घेऊन आलीसुद्धा. माझा नवरा म्हणाला, "आई, थोडं चाल, बरं वाटेल." मीही म्हटलं, वाल जास्तच झाले. सगळ्यांचं एकमत झालं होतं. वन्सं तेवढ्या आईसमोर उकिडव्या बसल्या.

"वात कशावरून?"

"अगं, मला कळतं ना माझं."

"तुला कळतं हे कशावरून? कुठे दुखतंय?"

"इथं. जरासं."

"हातात येतंय?"

सासूबाईंनी डावा हात पदराखाली घेतला. वन्संनी पुन्हा विचारलं. "डाव्या हातात येतंय का, आई?"

"येतंय थोडं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या कपाळावरचा घाम मला तेव्हा दिसला. एवढ्या थंडीत. वन्सं उठल्या आणि भावाला म्हणाल्या, "गाडी काढ." त्यांच्या संशयाचा मला आयुष्यात पहिल्यांदा आधार वाटला. सगळ्यांनी, खुद्द दुखणाऱ्या बाईनेही, वात म्हणून सोडून दिलं होतं, आणि ही एकच बाई आपल्या आईच्या शब्दावरही विश्वास ठेवायला तयार नव्हती.

गावाच्या टोकाला आरोग्य केंद्र होतं, दोन खोल्यांचं. तिथल्या सिस्टर चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, हालचालीला चटपटीत. त्यांनी सासूबाईंना खाटेवर झोपवलं, छातीला हातापायाला तारा लावल्या आणि यंत्रातून हृदयाची पट्टी काढली. ती बघून त्यांचा चेहरा फारसा बदलला नाही, पण त्या भरभर बोलू लागल्या. "ही मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांना दाखवायला पाहिजे. ते सांगतील आता कुठली गोळी द्यायची आणि कुठल्या दवाखान्यात न्यायचं. नुसतंच गाडीत घालून पळवू नका, थांबा, मी पाठवते." त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर एक चौकट आली. मी बाजूला उभ्या असलेल्या वन्संकडे पाहिलं. त्या चौकटीकडे त्या अशा बघत होत्या, जसं परगावी अचानक आपलं माणूस दिसावं.

"मोबाइलवर आकडे आले असतील," वन्सं म्हणाल्या. "ते टाका."

"ते इथं येत नाहीत हो ताई," सिस्टर उठता उठता म्हणाल्या. "वायफाय आहे, पण मोबाइलला रेंज फक्त वर, पाण्याच्या टाकीपाशी. फोन तिथंच पिशवीत घालून खिळ्याला अडकवून ठेवते मी. एक मावशी बसते तिथं, ती आकडे वाचून ओरडते आणि मी इथं टाकते. आज ती बाजाराला गेलीय." एवढं बोलून त्या पदर खोचून धावल्या.

वन्सं जागच्या जागी थिजल्या. "ओरडते?" त्यांनी मला विचारलं. "आकडे? ओरडून सांगते?" मी म्हटलं, "ताई, आत्ता ते जाऊ द्या." सिस्टर चढावर टाकीपर्यंत गेल्या, आकडे पाहून पुटपुटत पळत खाली आल्या, धापा टाकत ते दाबले. चौकट नाहीशी झाली आणि तिथे अक्षरं उमटली. मुदत संपली आहे, कृपया पुन्हा सुरुवात करा. सिस्टरांनी पुन्हा नाव टाकलं, पासवर्ड टाकला, पुन्हा धावल्या. घाईत एक आकडा चुकला. पडद्याने मोघमपणे सांगितलं, दिलेली माहिती योग्य नाही, आणि पुन्हा पहिल्या पायरीवर आणून सोडलं. खाटेवर सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते. माझा नवरा त्यांचा हात धरून बसला होता.

"फोटो काढून पाठवता येत नाही का?" मी विचारलं.

"आधी पाठवायचो. ते बंद केलं. आता डॉक्टर दुसरीकडचं बघत नाहीत आणि ड्यूटीवर कोण आहे ते आम्हाला कळत नाही." सिस्टर तिसऱ्यांदा पासवर्ड टाकत होत्या. घामाने त्यांची बोटं घसरत होती. "ज्यानं कुणी हे बनवलंय ना, त्याला एकदा इथं आणून उभं करायला पाहिजे."

"मी उभीच आहे," वन्सं म्हणाल्या.

सिस्टरांनी मान वर करून पाहिलं. त्यांना अर्थ लागला नसावा, आणि लावायला वेळही नव्हता. वन्सं म्हणाल्या, "तुम्ही इथून हलू नका. वहिनी, तू दारात थांब." आणि आमच्या वन्सं, ज्या जिनासुद्धा मोजून मापून चढतात, त्या चढावर पळत सुटल्या. मी दारातून बघत होते. त्या टाकीपाशी पोचल्या, खिळ्यावरची पिशवी काढली, फोन हातात घेतला. आणि काय करावं त्यांनी? त्या बोटांनी खुणा करू लागल्या. आयुष्यात कधी कुणाचे आकडे मोठ्याने न उच्चारलेली बाई, तिची जीभच वळेना. ओढणीच्या आडून, फक्त मला दिसतील अशा बेताने त्यांनी चार बोटं दाखवली, मग पाच आणि दोन, मग मूठ. मूठ म्हणजे शून्य की संपलं? मी "काय?" म्हणून ओरडले. त्यांनी पुन्हा मूठ दाखवली. आतून सिस्टर म्हणाल्या, "गेलं."

पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड. मी दारातून ओरडले, "ताई, आता बोला! आईंसाठी बोला!"

टाकीपाशी त्यांनी ओढणी खांद्यावर टाकली. आणि मग आवाज आला. मी त्या घरात इतकी वर्षं राहिले पण वन्संचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "नऊ!" त्या ओरडल्या. "तीन! तीन! आठ!" खालच्या खाचरात एक म्हातारा गवताचे भारे बांधत होता. त्याला वाटलं मला ऐकू येत नाही. त्याने हातातला विळा खाली ठेवला आणि तो प्रत्येक आकडा माझ्यासाठी पुन्हा ओरडू लागला. "आट म्हनते गो बाय! आट!" विहिरीवरच्या बायकांनीही सूर धरला. जगातला सगळ्यात गुप्त आकडा अर्धं गाव मिळून माझ्यापर्यंत पोचवत होतं, मी तो आत पोचवत होते, आणि वर टाकीपाशी त्या गुप्ततेची राखणदार दोन्ही हात तोंडाशी धरून, केस सुटलेले, शेवटचा आकडा ओरडत होती. "एक! वहिनी, एक!"

दार उघडलं. पट्टी गेली.

उत्तर लवकर आलं. सिस्टरांनी ते वाचून सासूबाईंना गोळी चावायला दिली, एक जिभेखाली ठेवली, आणि कुठल्या दवाखान्यात न्यायचं ते नवऱ्याला नीट समजावलं. "तिथं तयार राहतील ते. सावकाश न्या, पण थांबू नका." वन्सं तोवर खाली आल्या होत्या. त्यांना सिस्टरांना काहीतरी सांगायचं होतं, पण आवाज पार बसला होता, नुसती हवा बाहेर येत होती. सिस्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चला ताई, आईजवळ बसा." गाडीत वन्सं आईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. बदलापूर आलं तेव्हा सासूबाईंनी डोळे उघडले आणि विचारलं, "मघाशी कोण एवढं बोंबलत होतं गं?"

तो झटकाच होता. वेळेत पोचलो म्हणून निभावलं. रक्तवाहिनी मोकळी केली, चार दिवसांनी सासूबाई घरी आल्या आणि आता त्या भाच्याला फोनवरून पोपटीचे धडे देतात. वन्संचा आवाज मात्र बराच काळ परत आला नाही. ज्येष्ठमध, हळदीचं दूध, गुळण्या, सगळं मी केलं. त्या दिवसांत घरात कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. मी आमटी वाढायची, त्या गुपचूप जेवायच्या. मला वाटलं होतं की मला स्वर्ग मिळाल्यासारखं वाटेल.

आवाज परत आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर कंपनीशी भांडण. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. पडद्यावरचा साहेब म्हणत होता की मुदत वाढवली तर चोरालाही जास्त वेळ मिळेल. हे वाक्य त्याने वन्संकडूनच शिकलेलं असणार. वन्सं म्हणाल्या, "चोराला टाकीपर्यंत पळावं लागत नाही सर. पळावं लागतं ते फक्त खऱ्या माणसाला." मग त्यांनी सांगितलं की मुदत वाढवायचीही गरज नाही. फोनमध्येच आकडे तयार होतील असं करता येतं, त्याला रेंज लागत नाही. केंद्रातला कॉम्प्युटर एकदा ओळखला की लक्षात ठेवता येतो. आणि एक पायरी चुकली तर तीच पायरी पुन्हा विचारावी, माणसाला थेट तळाशी ढकलू नये. "हे सगळं आपल्याकडे आधीपासून आहे," त्या म्हणाल्या. "मीच बंद ठेवायला सांगितलं होतं." साहेब नको नको म्हणत राहिला. वन्सं एकेक प्रश्न विचारत राहिल्या. उल्हासनगरचा शेठ जिथे टिकला नाही तिथे साहेब काय टिकणार?

मग शनिवारी शनिवारी त्या स्वतः लॅपटॉप घेऊन बदलापूरपासून वांगणीपर्यंतच्या आरोग्य केंद्रांत जाऊ लागल्या. एकेका सिस्टरच्या शेजारी बसून त्यांच्या फोनमध्येच आकडे तयार होतील अशी सोय करून द्यायच्या. मीही एकदोनदा गेले होते बरोबर. बारवीकडच्या त्या सिस्टरांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "त्या दिवशी मी बोलले ते मनावर घेऊ नका हं ताई." वन्सं म्हणाल्या, "साखर किंवा दूध काहीतरी कमी आहे." सिस्टर खळखळून हसल्या. त्यांना वाटलं, ताई विनोद करतायत.

गेल्या उन्हाळ्यात कंपनीने वन्संना हैदराबादला बोलावून घेतलं, मोठ्या हुद्द्यावर. वर्षभरासाठी म्हणून गेल्या, आता तिथेच राहतील असं दिसतंय. त्यांच्या खोलीत माझ्या नवऱ्याने व्यायामाची सायकल आणून ठेवली आहे, तिच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो. कुरिअरवाला येतो, नाव विचारायच्या आधीच पाकीट हातात ठेवतो आणि जातो. सासूबाई रोज संध्याकाळी लेकीशी बोलतात. माझं बोलणं त्या मानाने कमी. नणंद-भावजयीने रोज काय बोलायचं?

परवा दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. त्याच सिस्टर होत्या. माझा नंबर त्यांच्याकडे दवाखान्याच्या गडबडीत कधीतरी गेला असावा. "ताई आहेत का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "त्या हैदराबादला असतात हल्ली. मी त्यांची वहिनी." "मग तुम्हीच सांगा त्यांना," असं म्हणून त्या सुरूच झाल्या. सकाळी खालच्या पाड्यावरून एका आजोबांना आणलं होतं, छातीत कळ आली म्हणून. आजोबांचं नाव, वय, मुलगा काय करतो, पट्टीत काय निघालं, डॉक्टरांनी कुठली गोळी दिली, सगळं त्यांनी मला सांगून टाकलं. "सांगायचं एवढंच की एका दमात उघडलं. चहा ओतून ठेवला होता, तो गरम होता तोवर उत्तर आलं. आजोबा बरे आहेत."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. मी वहिनी म्हणाले आणि बाईंनी लगेच विश्वास ठेवला. माझा आवाज त्यांनी आयुष्यात फारतर तीनदा ऐकला असेल. मी कोणीही असू शकले असते. आणि मीही भल्या माणसासारखी एका परक्या म्हाताऱ्याचं सगळं दुखणं ऐकून घेतलं. वन्सं घरात असत्या तर त्यांनी आम्हा दोघींना असं झापलं असतं की संध्याकाळचा स्वयंपाक राहिला असता.

मी लगेच हैदराबादला फोन लावला. बराच वेळ वाजला, कुणी उचलला नाही. मीटिंगमध्ये असतील. मी पुन्हा लावला आणि धरून राहिले.